चित्रमंडप आणि कोठडी

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात थोडा वेळ उभा राहिलेला कोणताही माणूस एकदा तरी मनाशी म्हणतोच, की हे भिक्षूंचे घर होते यावर आपला विश्वास बसत नाही. भिंतींवर राजवाडे आहेत, हत्ती आहेत, आरशात पाहून साजशृंगार करणारी राजकन्या आहे, मद्याचे पेले आहेत, मोत्यांच्या सरी आहेत. आणि या भिंतींच्या आत जे राहत होते त्यांची मालमत्ता म्हणजे तीन चीवरे, एक भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. एकूण आठ वस्तू. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाच्या दप्तरात याहून अधिक सामान निघेल.

मग हा थाट कोणासाठी? या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे ठरून गेलेली आहेत, आणि दोन्ही मला पटत नाहीत. म्हणून हा लेख.

पहिले उत्तर सात्त्विक माणसाचे. तो म्हणतो, तथागत पंचेचाळीस वर्षे पायी हिंडले, झाडाखाली निजले, मिळेल ती भिक्षा जेवले. पुढे राजे आले, श्रेष्ठी आले, त्यांच्या थैल्या आल्या. झाडाची गुहा झाली, गुहेचा महाल झाला आणि धर्म त्या महालात गुदमरला. मराठीत हा विचार सर्वांत जोराने मांडला तो धर्मानंद कोसंबी यांनी. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात त्यांनी श्रमणांना लागलेल्या परिग्रहाच्या आणि राजाश्रयाच्या व्यसनावर नेमके बोट ठेवले आहे. धर्मानंदांचे म्हणणे खोडायला माणसाला थोडी हिंमतच लागते. कारण गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाला, सिंहलद्वीपात जाऊन १९०२ साली भिक्षू झाला, आणि १९४७ साली सेवाग्रामला शांतपणे अन्न सोडून त्याने देह ठेवला. जो असा जगला त्याने ‘थाट नको’ म्हटले तर त्या म्हणण्याला वजन असते. खुर्चीत बसून साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

दुसरे उत्तर रसिकाचे. चित्रसंग्रहांच्या प्रस्तावनांतून ते आपण पुष्कळदा वाचलेले असते. अजिंठ्याचा चित्रकार हा खरा जीवनाचा उपासक. धर्म हे त्याला निमित्त. जातककथेच्या नावाखाली त्याने स्त्रीचे लावण्य, प्राण्यांची चपळाई, राजसभेचे वैभव रंगवून घेतले. भिक्षूंनी एक तर डोळे मिटले असतील, नाही तर त्यांनाही ते आवडले असेल. हे उत्तर ऐकायला मोठे गोड लागते. विशेषतः ज्याला लेण्यात जाऊन केवळ सुंदर वस्तू पाहून परतायचे आहे आणि दुसरे काही मनाला लावून घ्यायचे नाही, त्याची त्यात चांगली सोय होते.

या दोन माणसांचे आपसांत पटत नाही असे वरवर दिसते. पण दोघांनीही एक गोष्ट सारखीच केली आहे. दोघेही मधल्या चित्रमंडपात उभे राहिले आणि तिथूनच परत फिरले. मंडपाच्या बाजूला जे लहान लहान अंधारे दरवाजे आहेत, त्यांत डोकावायचे कोणालाच सुचले नाही.

डोकावून पाहावे. आत एक कोठडी असते. माणूस हात पसरून उभा राहिला तर जेमतेम फिरू शकेल एवढी. खिडकी नाही. भिंतीवर चित्र नाही, मूर्ती नाही, वेलबुट्टी नाही. कुठे कुठे लाकडी दाराच्या खुंट्या फिरण्यासाठी केलेल्या खाचा दगडात अजून दिसतात. म्हणजे दार लावून घेण्याची सोय होती. एवढेच. मंडपात ज्या पथकाने तुसाचा आणि मातीचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि दूर बदख्शानातून आलेला निळा दगड वाटून रंग केले, त्या पथकाने या उंबरठ्याशी येऊन कुंचला खाली ठेवला. पैसे संपले म्हणून? ज्याने मंडपाच्या छतावर बोटभर जागा सोडली नाही त्याला दहा-पंधरा कोठड्या जड गेल्या असतील असे मला वाटत नाही. तिथे रंगवायचे नव्हते, म्हणून रंगवले नाही.

बारावे लेणे पाहिले की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. ते जुने, ख्रिस्तपूर्व काळातले. मधोमध चौकोनी दिवाणखाना, त्याच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा कोठड्या आणि प्रत्येक कोठडीत दोन दगडी ओटे. मूर्ती नाही, खांब नाहीत. दारांवर तेवढ्या पिंपळपानी कमानी कोरल्या आहेत. हे लेणे एका व्यापाऱ्याने दिल्याचा लेख तिथेच आहे. प्रवासी इथे फार वेळ काढत नाहीत. वाटाड्याही घाई करतो. पण पहिल्या किंवा सतराव्या लेण्यातून सरळ इथे यावे आणि त्या दगडी ओट्यावर क्षणभर हात ठेवावा. साडेपाचशे-सहाशे वर्षांनी, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, जेव्हा लेणी पुन्हा खोदली जाऊ लागली तेव्हा मंडप पार बदलला. त्याला खांब आले, चित्रे आली, मागच्या भिंतीत बुद्धाची प्रचंड मूर्ती आली. कोठडी मात्र होती तशीच राहिली. काही ठिकाणी तर ओटाही गेला.

आता कोणी म्हणेल की विनयाचे नियम चित्रांच्या विरुद्ध होते त्याचे काय. ते खरे आहे, आणि खोटेही आहे. पाली विनयातल्या चुल्लवग्गात अशी हकीकत येते की, काही भिक्षूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढून घेतली. विहार पाहायला आलेले लोक कुरकुरू लागले, की हे तर संसारी माणसांसारखे भोगी दिसतात. तेव्हा भगवंतांनी अशा चित्रांना मनाई केली आणि हार, वेली, मगरदंती नक्षी एवढ्यालाच परवानगी दिली. या हकिकतीत मला गंमत वाटते ती एवढीच, की तक्रार भिक्षूंनी केलेली नाही, पाहायला आलेल्यांनी केली आहे. साधेपणाची चाड बहुधा दुसऱ्याच्या घराविषयी असते.

पण मूलसर्वास्तिवादी नावाच्या दुसऱ्या पंथाचा विनय चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून टिकला आहे, आणि त्यात अगदी वेगळी हकीकत आहे. जेतवन विहार बांधणारा अनाथपिंडिक बुद्धाला विचारतो की विहार रंगवू का, आणि परवानगी तर मिळतेच, शिवाय कोणत्या जागी काय काढायचे याची यादीही मिळते. बाहेरच्या दाराशी दंडधारी यक्ष. देवडीत जन्ममरणाचे भवचक्र. आत जातककथांची माळ. स्वयंपाकघरावर अन्न घेतलेले यक्ष, पाण्याच्या खोलीवर घट घेतलेले नाग. रुग्णांच्या खोलीत, आजारी भिक्षूची शुश्रूषा करणारे स्वतः तथागत. आणि राहण्याच्या कोठडीशी? हाडांचा सापळा आणि कवटी.

अजिंठ्याचे कारागीर हीच यादी हातात घेऊन बसले होते असे मी म्हणणार नाही. पण सतराव्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या हाताच्या भिंतीवर, एका मोठ्या चक्राचा तुकडा अजून शिल्लक आहे, तो भवचक्राचाच. म्हणजे चित्र कुठे असावे आणि कुठे नसावे याचा विचार झालेला होता. ती शोभा नव्हती. तो एक मार्ग होता, आणि त्याची दिशा बाहेरून आत, कोठडीकडे जाणारी होती. विटंबना तेव्हा होते जेव्हा तो मार्ग तुटतो आणि मंडप हाच मुक्काम होऊन बसतो. अजिंठ्यात तसे झाले का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. ‘चित्रे का काढली’ हा नव्हे.

आमच्या शाळेची सहल दरवर्षी नाही तरी दोन-तीन वर्षांतून एकदा अजिंठ्याला जाते. (दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब जाणाऱ्या वाचकांसाठी सांगून ठेवतो: सोमवारी लेणी बंद असतात, आणि आत लखलख दिवा उडवून छायाचित्रे घ्यायला मनाई आहे, हे फार बरे आहे.) अशाच एका सहलीत आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, त्यांनी सगळं सोडलं होतं ना? मग सोडलेलंच भिंतीवर कशाला काढून ठेवलं?” मुलगी गणितात कच्ची होती, पण अजिंठ्यावर इतके नेमके वाक्य मी कोणत्याही जाड पुस्तकात वाचलेले नाही. सोडलेलंच! हा शब्द घेऊन आपण भिंतींकडे पाहिले की चित्रे निराळी दिसू लागतात.

पहिल्या लेण्यात महाजनक जातक आहे. राणी शिवलीच्या महाली नर्तकी नाचते आहे, भोवती वाद्ये घेतलेल्या स्त्रिया आहेत. अंगाचा असा डौल हिंदुस्थानच्या चित्रकलेत पुन्हा क्वचितच आला असेल. रसिक इथेच थांबतो. पण तोच राजा थोड्या अंतरावर घोड्यावर बसून नगराच्या वेशीबाहेर पडताना दाखवला आहे. नाच इतका मोहक नसता तर त्या बाहेर पडण्याला काय किंमत राहिली असती? सतराव्या लेण्यातला विश्वंतर तर हत्ती देतो, रथ देतो, शेवटी पोटची मुले देऊन टाकतो. ही कथा मला स्वतःला कधीच मनापासून रुचलेली नाही. मुले द्यायची वस्तू नव्हे, आणि मास्तर म्हणून तर मी ती दानात मोजायला मुळीच तयार नाही. पण चित्रकाराने देण्यातले दुःख लपवलेले नाही.

सोळाव्या लेण्यातली ती प्रसिद्ध स्त्री घ्या. वाटाडे तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती नंदाची पत्नी सुंदरी. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. बुद्ध दारी भिक्षेला आले आणि त्यांनी आपले पात्र नंदाच्या हाती दिले. संकोचाने ते पात्र घेऊन तो मागोमाग गेला आणि त्याची इच्छा असो-नसो, भिक्षू होऊन बसला. त्याचा मुकुट घरी परत आला. तो पाहून सुंदरी कोसळली. मान कलंडली आहे, डोळे मिटत चालले आहेत, बोटांतला जोर गेला आहे. एक दासी मागून आधार देते आहे. या चित्रात बुद्धाचा विजय कुठे आहे? धर्मप्रचारकाने काढले असते तर त्याने नंदाचे समाधान काढले असते. इथे चित्रकार सुंदरीच्या बाजूने उभा आहे, आणि हे सारे भिक्षूंच्या भिंतीवर, भिक्षूंच्या डोळ्यांसमोर. माझ्या समजुतीप्रमाणे एखाद्या धर्माने आपल्या घरात टांगून घेतलेला हा स्वतःविरुद्धचा साक्षीदार आहे. ज्यांनी ही भिंत पसंत केली त्यांच्या अंगी मोठे बळ असले पाहिजे.

याच नंदावर अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ हे महाकाव्य रचले. काव्याच्या अखेरीस तो आपली बाजू मांडतो: लोकांचे मन विषयांत गुंतलेले असते, म्हणून कडू औषधात मध घालावा तसे मी मोक्षाचे तत्त्व काव्यात घातले आहे. धर्म आणि कला यांच्या वादात ही मधाची उपमा तेव्हापासून चालत आली आहे, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांच्या समित्यांनाही ती फार प्रिय आहे. मला ती लंगडी वाटते. सुंदरीचे कोसळणे हा मध आहे काय? ते तर औषधाहून कडू आहे. अजिंठ्यात चित्र हे गोळीवरचे साखरेचे पूट नाही. सोडणे म्हणजे काय, त्याचे मोल किती, आणि ते कोण भरते, याचा तो हिशेब आहे. भिक्षूचे पाऊल रोज कोठडीतून मंडपात आणि मंडपातून कोठडीत पडत असणार. रोज तो हा हिशेब वाचत असणार.

आणि मग सतराव्यातच, गर्भगृहाजवळच्या भिंतीवर, ते चित्र येते, ज्याच्यासाठी मी एरवी कोणत्याही गर्दीत धक्के खायला तयार आहे. भिक्षापात्र घेतलेले बुद्ध आपल्याच घराच्या दाराशी आले आहेत. समोर यशोधरा आणि राहुल. बुद्धाची आकृती प्रचंड, वरून खालपर्यंत भिंत भरून उरणारी. अंगावर एक चीवर, दागिन्याचा मागमूस नाही. आई आणि मूल त्यांच्यापुढे लहानशी, अगदी ढोपराएवढी वाटावी अशी. तिच्या अंगावर दागिने आहेत. ती मुलाला पुढे करते आहे: जा, बापाकडे आपला वाटा माग. दोघांची मान वर. कथा आपल्याला ठाऊक आहे. बाप आपल्याजवळ जे आहे तेच देणार, म्हणजे पोराच्या हातीही भिक्षापात्रच येणार. तिला हे कळले आहे का? तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कधी वाटते की कळले आहे, कधी वाटते नाही.

अलंकार आणि साधेपणा यांच्यावर जे काही बोलायचे ते या एका भिंतीवर बोलून झालेले आहे. साधी आकृती सर्वांत मोठी आहे. पण ती मोठी वाटावी म्हणून आधी आपल्याला सगळ्या भरजरी भिंतींवरून चालत यावे लागते. कोऱ्या भिंतीवर हाच बुद्ध काढला असता तर तो केवळ एक भिक्षू वाटला असता. आणि तरीही हे चित्र साधेपणाची जाहिरात करत नाही; त्या मुलाचा वर झालेला चेहरा तसे करू देत नाही.

सात्त्विक माणसाला मी इतके सुनावले. आता त्याच्या पदरात जे पडायला हवे ते पडू द्यावे. लेण्यांच्या दात्यांचे लेख आहेत. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले. ते तपस्व्यांसाठी आहे हे सांगतानाच खिडक्या, दारे, चित्रांच्या ओळी यांचे कौतुकही तो करून घेतो. चालायचेच, मंत्री आहे. सतरावे लेणे तिथल्या मांडलिक राजाने दिले. त्याचा धाकटा भाऊ रविसांब गेला, आणि त्या दुःखातून, सारे अनित्य आहे या जाणिवेतून त्याने हे काम हाती घेतल्याचे लेखात येते. भाऊ गेलेल्या माणसाने ही लेणी रंगवून घेतली हे कळल्यावर त्या भिंतींवरच्या सोडून जाण्याच्या इतक्या कथा उगाच नाहीत असे वाटते.

पण सव्विसावे लेणे? ते दिले बुद्धभद्र या भिक्षूने. आपला मित्र, अश्मक देशाचा मंत्री भव्विराज, याच्या स्मरणार्थ आणि आईबापांच्या पुण्यासाठी. अजिंठ्यातल्या चैत्यगृहांत याच्याइतके नक्षीने लडबडलेले दुसरे नाही. आणि लेखात आशय असा आहे, की जोवर जगात माणसाची आठवण राहते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो. म्हणून डोंगरावर चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक करावे. हे वाचून मी जागच्या जागी थांबलो. राजाने असे म्हणावे, सावकाराने म्हणावे. सारे अनित्य आहे हे ज्याचे पहिले वाक्य, त्याने चंद्रसूर्यांची साक्ष काढावी! इथे धर्मानंद कोसंबींचा शब्दन् शब्द खरा आहे. शेजारच्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचे बुद्ध महापरिनिर्वाणात आडवे झाले आहेत आणि खाली भिक्षू शोक करीत बसले आहेत. मूर्ती भव्य आहे यात शंका नाही. पण दहाव्या लेण्यातला तो जुना, उघडाबोडका, नक्षीविरहित स्तूप जी शांतता देतो ती इथे मिळत नाही. इथल्या स्तूपावर समोर बुद्ध बसवले आहेत, बाजूला आकृती खोदल्या आहेत. डोळ्याला टेकायला जागा नाही.

पुढचा प्रकार तर त्याहून वाईट. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आपले आयुष्य अजिंठ्याला वाहिले. त्यांच्या मते हरिषेण गेल्यावर मोठी कामे बंद पडली आणि ज्याला जिथे जागा मिळेल तिथे आपापल्या पुण्याच्या सुट्या बुद्धमूर्ती खोदून घेण्याची घाई उडाली. त्यांचा कालक्रम सर्वांना मान्य नाही. परंतु कोपऱ्याकोपऱ्यांत, खांबांच्या मधे, लहानमोठ्या आकारांत, एकमेकींना ढकलून बसवलेल्या त्या मूर्ती कोणीही पाहाव्या. तिथे मार्ग तुटला. मूर्ती कोणाला कुठे नेत नाही. ती फक्त दात्याच्या नावाची पावती आहे. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावरच, आपले नाव आणि तारीख खरडून ठेवली, म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. ती खोड त्याच्याबरोबर अजिंठ्यात आली असे मात्र म्हणता येत नाही.

म्हणून मला मंडप भरजरी आहे की साधा, या कसोटीवर काही ठरवावेसे वाटत नाही. मंडपाला लागून कोठडी आहे का, आणि ती रिकामी ठेवली आहे का, एवढे मी पाहतो.

ही कसोटी आजच्या गोष्टींनाही लावून पाहण्यासारखी आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांचे मोठे केंद्र. तिथल्या ध्यानगृहात मूर्ती नाही, फूल नाही, उदबत्ती नाही. दहा दिवस मौन आणि आपला श्वास. याहून साधी साधना कोणती? पण त्याच परंपरेने मुंबईजवळ गोराईला सोनेरी पॅगोडा उभारला. रंगूनच्या श्वेडगोनचा तो घाट. २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ही विद्या ज्या देशाने जपली त्याच्याविषयी कृतज्ञता म्हणून हे रूप घेतले, असे गोयंका सांगत. पुष्कळांना हा विरोधाभास वाटतो. बाहेरून पाहताना मलाही ते सोने परके वाटते. समुद्रकाठच्या त्या खाजणात ते उपरे दिसते, आणि कृतज्ञता म्हणून केलेली नक्कल ही शेवटी नक्कलच असते. आत गेल्यावर मात्र बोलणे थांबते. एकही खांब नसलेला दगडी घुमट, सुमारे आठ हजार माणसे बसतील एवढा, आणि त्यात काही नाही. एवढ्या खटपटीने, दगडात दगड अडकवून, त्यांनी रिकामी जागा बांधली. इगतपुरीचा पॅगोडाही असाच: बाहेर सोनेरी शिखर, आत शेकडो अंधाऱ्या, माणूसभर कोठड्या. अजिंठ्याचा कारागीर तिथे आला तर शिखराला कदाचित नाक मुरडील, पण कोठडीत शिरताना त्याला वाट विचारावी लागणार नाही.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विहारांची कथा आणखी वेगळी आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर वस्त्यावस्त्यांत जे विहार उभे राहिले ते थाट करायला पैसा नसलेल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन बांधले. एक खोली, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पांढरा चुना. त्या साधेपणाचे गुणगान करणे मला प्रशस्त वाटत नाही. तो निवडलेला नव्हता, लादलेल्या दारिद्र्यातून आलेला होता. आज त्याच माणसांची मुले शिकली, कमावती झाली, आणि विहाराला संगमरवरी फरशी नि मोठी कमान असावी असे त्यांना वाटले, तर ज्याच्या स्वतःच्या ग्रामदैवताला चांदीचा मखर आहे त्याने त्यांना साधेपणाचे पाठ द्यायला जाऊ नये. अजिंठा त्यांच्या शेजारचा आहे, आणि वारशाने त्यांचा आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या दोन वर्षांत हाच वाद झाला. विहाराचा जीर्णोद्धार निघाला. तरुण मंडळींना आतून सगळ्या भिंतींवर अजिंठ्याची चित्रे हवी होती; पद्मपाणी तर हवाच. जुन्या मंडळींचे म्हणणे, तो पैसा पोरांच्या अभ्यासिकेला लावा, पद्मपाणीला मुकुट आहे, बाबासाहेबांच्या विहारात मुकुटवाला कशाला. चित्रे काढणारा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी, एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्यामुळे दोन्ही बाजू मला विचारायला आल्या. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला नाही ते विचारतात. मी त्यांना पद्मपाणी सोडून यशोधरा-राहुलाचे चित्र सुचवले आणि बाराव्या लेण्यातल्या कोठड्यांविषयी सांगितले. पुष्कळ बोलाचाली झाल्या. एक आजी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की चित्र काढा नाही तर काढू नका, आधी छप्पर गळते ते पाहा.

छप्पर आधी झाले. पुढच्या खोलीत समोरच्या भिंतीवर पिवळ्या चीवरातले बुद्ध उभे आहेत. राहुलाचे नाक थोडे फेंगडे आले आहे, पण मान वर आहे. मागची खोली त्यांनी चुना देऊन कोरी ठेवली. तिथे एक लांब सतरंजी आणि दोन नळीचे दिवे आहेत, आणि संध्याकाळी सात ते दहा दहावी-बारावीची मुले दार ओढून घेऊन अभ्यासाला बसतात.